शब्दचर्चा : 'सांडपाण्यावरून व्यसनी मोजतात' हे वाक्य बरोबर आहे का?

सांगली, गावभाग
नमस्कार. कॉलेजच्या मुलांसाठी एमडी, म्हणजे मेफेड्रोन या अमली पदार्थाच्या नशेवर भित्तिपत्रक करते आहे. परदेशात शहराचं पाणी तपासून तिथं कुठली नशा किती होते ते काढतात, ही माहिती त्यात हवी आहे. मी लिहिलं, 'सांडपाण्यावरून शहरातले व्यसनी मोजतात.' शेजारच्या काकांनी 'सांडपाणी' आणि 'व्यसनी' या दोन्ही शब्दांखाली रेघ ओढली. खरंच चुकलंय का?

मिरज
ताई, माझी सगळी नोकरी ड्रेनेजच्या कामात गेली. आमच्या बोलण्यात मोरीचं, न्हाणीचं ते सांडपाणी आणि संडासचं ते मैलापाणी. ही तपासणी लघवीतून येणाऱ्या अंशावर चालते, म्हणून मैलापाणीच म्हणा. आणि उदाहरण म्हणून शेरीनाल्याचं नाव घालू नका. उघड्या नाल्यात पावसाचं, रस्त्याचं सगळंच पाणी येतं. नमुना घ्यायचा तो बंद लाइन शुद्धीकरण केंद्रात शिरते तिथं. सेप्टिक टँकवाली घरं त्यातही येत नाहीत, म्हणजे 'शहरातले' हा शब्दसुद्धा तपासा.

कराड
'सांडणे' म्हणजे आज आपल्याला हातून लवंडणंच आठवतं. जुना अर्थ टाकणं, सोडून देणं. पसायदानातलं 'जे खळांची व्यंकटी सांडो' म्हणजे त्यांचा वाकडेपणा सुटो. आमच्या कोयना धरणाचा सांडवा हीसुद्धा जादा पाणी सोडून द्यायची वाट. म्हणून वापरून सोडलेलं ते सांडपाणी, मैला धरून. मिरजकर काकांचा शब्द नेमका आहे, पण मथळ्यात सांडपाणी चालेल.

सातारा
मला जास्त खटकलं ते 'व्यसनी'. २००५ साली मिलानच्या मारिओ नेग्री संस्थेतल्या एत्तोरे झुक्काटो आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या पो नदीचं पाणी तपासलं. त्यांनी शोधला तो बेंझॉइलएक्गोनिन. कोकेन घेतल्यावर तो शरीरात तयार होतो आणि लघवीतून जातो. त्यावरून त्यांनी काढलेला अंदाज रोज सुमारे ४ किलो कोकेनचा होता. त्यात माणसांचा आकडा नाही, आणि तो निघतही नाही. दहाजणांनी एकेकदा घेतलं की एकानं दहादा, पाण्याला दोन्ही सारखंच. शिवाय मॉर्फिनसारखं औषध दवाखान्यातही देतात, त्याचाही अंश त्याच पाण्यात येतो. म्हणून 'सेवन' लिहा. 'व्यसनी' लिहिलंत तर उद्या एखाद्या वस्तीवर शिक्का बसेल, आणि तो आपल्या शब्दानं बसेल.

हिशेब असा : पाण्यातलं प्रमाण गुणिले २४ तासांचा प्रवाह, भागिले त्या लाइनवरची लोकसंख्या. युरोपात आकडा रोजचे दरहजारी मिलिग्रॅम असा देतात. 'दरडोई' लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं प्रत्येकजण घेतो.

तासगाव
नमुन्याबद्दल एक. बाटली बुडवली आणि नेली, असं नसतं. दिवसभर ठराविक अंतरानं थोडं थोडं पाणी घेऊन एकत्र करतात. बागायतदार लगेच ओळखतील : द्राक्षबागेत मातीचा नमुना काढताना आपण वेगवेगळ्या ठिकाणची माती गोणपाटावर कालवतो, ढिगाचे चार भाग करतो, समोरासमोरचे दोन टाकतो, असं करत अर्धा किलो उरवतो. आम्ही त्याला मिश्र नमुना म्हणतो. तोच शब्द घ्या. आठवडाभर रोजचा घेतला तर वारही कळतो. युरोपातल्या बऱ्याच शहरांत कोकेनचा अंश शनिवार-रविवारी चढतो.

सांगली, गावभाग
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य बदललं : 'ड्रेनेजला जोडलेल्या भागातल्या मैलापाण्याचा मिश्र नमुना तपासून तिथं अमली पदार्थांचं एकूण सेवन किती, याचा अंदाज काढतात.' फक्त तो लघवीतून येणारा अंश अडला आहे. कोशात 'चयापचयज' मिळतं, पण मुलं तिथंच वाचणं सोडतील.

मिरज
ताई, औषध आईच्या दुधात उतरतं म्हणतो ना आपण? तसंच लिहा, 'शरीरात बदलून लघवीत उतरलेला अंश.'