फुलांच्या सर्जनशील छायाचित्रांवर नेमका अभिप्राय कसा मागावा आणि कसा द्यावा?

प्रश्न : धूसर

मी मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून मोठे चित्र घेणाऱ्या भिंगाने) फुलांची छायाचित्रे काढतो, पण फुलाची जात ओळखता यावी हा त्यामागचा हेतू नसतो. कधी अपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) पूर्ण उघडून पाकळीची एखादीच कड स्पष्ट ठेवतो, तर कधी शटर पाव सेकंद उघडे ठेवून तेवढ्यात कॅमेरा देठाच्या दिशेने वर नेतो. अशा चित्रांवर मला दोनच तऱ्हेचे अभिप्राय मिळतात. ‘अप्रतिम’, ‘रंग सुरेख’ हा एक प्रकार, आणि ‘फोकस चुकला आहे’ हा दुसरा. पहिल्याने बरे वाटते, पण पुढचे चित्र काढताना त्याचा काही उपयोग होत नाही. दुसऱ्यावर ‘ते मुद्दाम केले आहे’ असे मी सांगतो आणि चर्चा तिथेच खुंटते.

सध्याचे उदाहरण लाल जास्वंदीचे आहे. एफ २.८ वर (एफचा आकडा लहान तितके अपर्चर मोठे), जवळजवळ एकास एक प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर फुलाच्या खऱ्या आकाराएवढी प्रतिमा पडेल असे काढलेल्या या चित्रात कुक्षीच्या (फुलातून बाहेर आलेल्या दांडीच्या शेंड्याच्या) पाच टोकांपैकी सर्वांत पुढचे एकच टोक स्पष्ट असून बाकी सारे लाल रंगात विरघळले आहे. पाचही टोके स्पष्ट हवी होती, असे एकाचे मत पडले. खालचा उजवा कोपरा कापून टाका, असे दुसऱ्याने सुचवले, तर तिसऱ्याला पार्श्वभूमी जड वाटली. यांतले काय स्वीकारावे? आणि इतरांच्या अशा चित्रांवर लिहायची वेळ येते तेव्हा ‘आवडले’ किंवा ‘नाही आवडले’ यापलीकडे काय लिहावे?

प्रतिसाद : केसर

‘मुद्दाम केले आहे’ हे उत्तर खरे असले तरी ते अपुरे आहे. धूसरपणा कुठून आला हे त्यातून कळते. तो चित्रात काय काम करतो, हे कळत नाही. हा वाद जुनाच आहे. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातील काही छायाचित्रकारांनी ‘ग्रुप एफ ६४’ स्थापन केला, तो चित्रात कडेपासून कडेपर्यंत स्पष्टता हवी या आग्रहातून, आणि म्हणूनच गटाला बारीक अपर्चरचे नाव दिले. त्याच्या संस्थापकांपैकी इमोजेन कनिंगहॅम यांनी आपल्या सुरुवातीच्या काळात मृदू, धूसर चित्रे काढली होती आणि पुढे मॅग्नोलियाचे अगदी रेखीव चित्रही काढले. एकाच व्यक्तीला दोन्ही मार्ग पटू शकतात, तेव्हा धूसर असणे हा दोष मानता येत नाही आणि गुणही मानता येत नाही.

तुमच्या चित्रापुरते बोलायचे, तर फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर एकास एक प्रमाणात एफ २.८ ला स्पष्टतेची खोली मिलिमीटरच्या साधारण एक तृतीयांश एवढीच मिळते. एफ ८ ला ती जेमतेम एक मिलिमीटर होते. कुक्षीची पाच टोके पाच दिशांना फाकलेली असल्यामुळे तेवढ्यानेही ती सगळी स्पष्ट येणार नाहीत. त्यासाठी फोकस पुढेमागे सरकवत घेतलेल्या अनेक चौकटी जोडाव्या लागतील, आणि ते चित्रच निराळे असेल. त्यामुळे पहिली सूचना मी बाजूला ठेवली असती. त्यामागचा प्रश्न मात्र ठेवला असता : इतक्या निमुळत्या जागेत एकच गोष्ट दाखवायची आहे, तर ती याच टोकावर का? पुढचे टोक निवडले हे मला योग्य वाटते, कारण मागचे निवडले असते तर पुढचा धूसर ठिपका नजरेच्या आड आला असता.

प्रतिसाद : कडेचा प्रकाश

वरच्या प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, पण एक भर घालतो. अभिप्राय मागताना हेतू आधी सांगू नये. सांगितला की पाहणारा चित्रात तोच शोधू लागतो आणि बहुधा त्याला तो सापडतोही. नजर प्रथम कुठे गेली, कुठे थांबली आणि कुठून चौकटीबाहेर पडली, एवढेच आधी विचारावे. हेतू त्यानंतर सांगावा. दोहोंत जे अंतर दिसेल, तिथे काम करायचे आहे.

आलेल्या सूचना तोलताना पाहणाऱ्याने कुठे बोट ठेवले याला मी उपायापेक्षा अधिक महत्त्व देतो. ‘कोपरा कापा’ आणि ‘पार्श्वभूमी जड आहे’ या तुम्हाला दोन सूचना वाटल्या, पण तो कोपरा पाहिला तर तिथे एका पानाचा गडद हिरवा पट्टा आहे. लालाशेजारी हिरवा आला की दोन्ही रंग उठून दिसतात, त्यामुळे नजर टोकावरून घसरून तिकडे जाते. दोघांनी एकच जागा दाखवली आहे. कापण्याने मात्र दांडीचा तिरपा ओघ तुटेल. त्याऐवजी तेवढ्याच भागातल्या हिरव्याची तीव्रता कमी करून पाहावी.

इतरांना लिहिताना, पुढच्या वेळी हाताने करून पाहता येईल असे काहीतरी द्यावे. कॅमेरा हलवून काढलेल्या चित्रात सगळीकडे सारख्याच रेघा असतील, तर ‘थोडे स्पष्ट हवे होते’ या वाक्याने त्या व्यक्तीच्या हाती काही लागत नाही. ‘शटर उघडल्यावर क्षणभर कॅमेरा स्थिर ठेवा आणि मग हलवा’ असे सांगितले, तर फुलाची पुसट पण ठाम आकृती एका ठिकाणी उमटते आणि नजरेला थांबायला जागा मिळते. कौतुकही असेच नेमके असावे, असे माझे ठाम मत आहे. नुसत्या ‘सुंदर’ने नवा छायाचित्रकार काय टिकवायचे हे शिकत नाही.

प्रतिसाद : हिस्टोग्राम

काही गोष्टींत हेतूचा प्रश्नच येत नाही. डिजिटल चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांच्या चॅनलांनी बनते, आणि लाल फुलात लाल चॅनल इतर दोहोंच्या कितीतरी आधी भरून जातो, म्हणजे कमाल मर्यादेला पोचून तपशील गमावतो. एकत्रित हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) निर्दोष दिसतो, पण पाकळीवरच्या शिरा जाऊन तिथे रंगाचा सपाट डाग उरतो. तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहावेत. हा सपाटपणा हवाच असेल तर ठीक, पण तो नकळत आला असेल तर पाहणाऱ्याने सांगितलाच पाहिजे.

प्रतिसाद : धूसर

तिन्ही चॅनल तपासले. पाकळीच्या मधल्या भागात लाल खरोखरच भरला आहे. कुक्षीवर मात्र तपशील शाबूत आहे. जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते, त्यामुळे हेच फूल पुन्हा काढता येणार नाही. पण रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ माहिती) आहे, तिच्यात एक्स्पोजर एक स्टॉप, म्हणजे निम्म्यावर, उतरवल्यावर शिरांचा बराच भाग परत दिसू लागला. कोपऱ्यातला हिरवाही मंद केला आहे. क्रॉप केलेला नाही. नवी आवृत्ती जोडत आहे. पाहणाऱ्यांनी नजर कुठून बाहेर पडते तेवढेच आधी सांगावे, ही विनंती.