दीड महिन्यात ठणठणीत? कोण, कुठली?

फटकळ :
परवा 'जुनं खोड' यांनी बाळंतपणावर जे लिहिलं ते वाचून दोन दिवस गप्प बसायचा प्रयत्न केला. नाही जमलं. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात: बाळंतपण म्हणजे आजार नव्हे, दीड महिन्यात बाई ठणठणीत होते, त्यानंतरही जी रडते-कुरकुरते तिला लाड करून घ्यायचे असतात, आणि डिप्रेशन वगैरे मोबाइलवर वाचून होतं. त्याखाली अंगठ्यांचा ढीग.

तर दीड महिन्यात काय होतं ते ऐका. गर्भपिशवी जागेवर येते. बाळ झाल्या झाल्या ती किलोभर वजनाची असते, सहा आठवड्यांत साठ-सत्तर ग्रॅमवर येते. अंगावरून जायचं थांबतं. झालं, यादी संपली! एका अवयवाचं वेळापत्रक आपण अख्ख्या बाईच्या गळ्यात बांधलंय. सिझरमध्ये पोटाचा आतला चिवट पडदा कापून शिवतात, त्याची ताकद सहा आठवड्यांत जेमतेम निम्मी परत आलेली असते. उरलेली यायला अजून कित्येक महिने. पहिल्या तीन महिन्यांत साधारण तिघींतली एक शिंकली-खोकली की कपडे ओले करते आणि कुणापाशी बोलत नाही. आणि केस? ते तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मुठी-मुठीने गळतात. म्हणजे ठणठणीत झाल्यावर!

माझी दीड महिन्याची तपासणी कशी झाली सांगू? डॉक्टरांनी टाके बघितले, 'छान भरलंय' म्हणाले, बाळाचं वजन केलं आणि 'आता सगळं सुरू करायला हरकत नाही'. नवऱ्याने 'सगळं' तेवढं नीट ऐकलं. मी त्या वेळी खुर्चीत एका कुल्ल्यावर कलून बसले होते, कारण सरळ बसलं की टाक्यांच्या जागी कळ यायची. माझं ते कलणं खोलीतल्या दोघांपैकी एकालाही दिसलं नाही. झोप लागते का, रडू येतं का, हे तर दूरच.

जुनं खोड :
नाव न घेता टोमणे मारण्यापेक्षा नाव घेऊन मारलेत, हे बरं केलंत. आता माझंही ऐका. मी तीन बाळंतपणं काढलीत. कुणी मला मन कसं आहे विचारलं नाही आणि माझं काही अडलं नाही. तुमच्या त्या पडद्याची ताकद निम्मी असते हे मान्य, मग बाईने काय वर्षभर पडून राहायचं? अंग जेवढं जपाल तेवढं ते जास्त दुखतं. हल्लीच्या मुलींना दुखणं सहन होत नाही असं मी म्हणणार नाही, पण दुखण्याबद्दल बोलायला फार आवडतं एवढं नक्की.

वॉर्डातली :
रात्रपाळी संपवून लिहितेय, चिडचिड दिसली तर समजून घ्या. काकूंचा एक मुद्दा सोळा आणे खरा आहे, पडून राहू नका. पायात गुठळी व्हायचा धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतच सगळ्यात जास्त असतो, म्हणून सिझरवालीलाही आम्ही लवकरात लवकर उठवून चालवतो. शिव्या खातो, पण चालवतो. मात्र खोलीत चार फेऱ्या मारणं वेगळं आणि भरलेली बादली उचलणं वेगळं. घरी गेल्यावर हा फरक कुणी पाळत नाही.

आणि 'सहन करा' म्हणण्याआधी हे वाचा. तासाभरात पॅड पूर्ण भिजतोय, ताप भरलाय, एकच पोटरी सुजून दुखतेय, छातीत दुखतंय, धाप लागतेय, डोकं फुटेल असं दुखतंय आणि डोळ्यांपुढे चमकतंय, यातलं एकही असलं तरी सकाळ व्हायची वाट बघायची नाही. बीपी बाळंतपणानंतरसुद्धा चढतं. 'बाळ झालं, आता कसलं बीपी' म्हणत घरी थांबलेल्या बाया आम्ही आत घेतो तेव्हा त्यांचे नातेवाईक आमच्यावरच ओरडत असतात.

दीड महिन्यांनी एकदा तोंड दाखवायचं, हा नियम आला कुठून मलाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या शिफारशींत पहिल्या दिवसानंतर किमान तीन तपासण्या आहेत: दोन-तीन दिवसांत एक, दुसऱ्या आठवड्यात एक आणि सहाव्या आठवड्यात एक. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये सांगितलं की पहिल्या तीन आठवड्यांत एकदा तरी बोला आणि बारा आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी करा.

किस पाडणारा :
हा सहा आठवड्यांचा आकडा आणखी कुठे आहे ते सांगतो. अवयवाचं ठीक, पण कायद्यानेही हेच केलंय. १९१९ च्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत करार झाला की बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवायचं नाही. तिच्या सोयीसाठी ठरलेली किमान मर्यादा होती ती. आपण तिची कमाल मर्यादा करून टाकली.

निशाचर :
पिशवी, पडदा, करार, सगळं मान्य. पण मुळावर घाव कुणी घालत नाहीये. झोप! टाके मला सहन झाले, दुधाच्या गाठी सहन झाल्या. सहन झालं नाही ते नवऱ्याचं उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जाणं. 'मला सकाळी ऑफिस आहे.' दाराची कडी लावल्याचा आवाज यायचा. बाळाचं रडणं ऐकू येऊ नये म्हणून लावलेली कडी! आणि सकाळी चहा पिताना वर 'बरी झोपली की रात्री' म्हणायचा. कोण झोपलं रे? तू.

बापमाणूस :
आलं, फिरून पुरुषांवर आलं. मी वाटच बघत होतो. ऑफिसात डुलक्या काढून नोकरी गेली तर घर कोण चालवणार? आणि रात्री उठून मी करू तरी काय? दूध मला येत नाही, यात माझा काय गुन्हा?

निशाचर :
काय करायचं विचारताय? लिहून घ्या. बाळ रडलं की उचलून आणून द्यायचं. पिऊन झालं की खांद्यावर घेऊन ढेकर काढायची. लंगोट बदलायचा. पुन्हा झोपवायचं. पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवायचा, कारण पाजायला बसलं की घसा कोरडा पडतो आणि उठता येत नाही. यातल्या कुठल्या कामाला स्तन लागतो ते सांगा.

टाकेवाली :
😂 हे वाक्य चौकट करून लावणार.

फटकळ :
मंडळी, धागा दीड महिन्याच्या ठणठणीतपणाबद्दल आहे. रात्रपाळीसाठी वेगळा काढा.

निशाचर :
वेगळा कशाला? जिला सलग तीन तास झोप नाही ती कसली ठणठणीत होतेय? 'बाळ झोपलं की तूही झोप' म्हणणाऱ्या सगळ्यांना माझा साष्टांग नमस्कार. बाळ झोपलं की मी आंघोळ करायची, कपडे धुवायचे, आलेल्यांशी हसून बोलायचं, की झोपायचं?

बापमाणूस :
हसू नका म्हणून आधीच सांगतो. माझी मुलगी झाली तेव्हा मी नळ सोडून बाथरूममध्ये रडायचो. बायकोजवळ जायला भीती वाटायची. मी काहीही केलं तरी ते चुकायचं. लंगोट उलटा लावला, डोकं नीट धरलं नाही, दार आपटलं. शेवटी मी लांब राहायला लागलो. मला कुणी विचारलं, तू कसा आहेस म्हणून?

सरळसोट :
बघा! विषय बाळंतिणीचा आणि रडगाणं बापाचं. यांना तिथेही पहिली खुर्ची हवी.

वॉर्डातली :
सरळसोट, चेष्टा करू नका. मूल झाल्यानंतरच्या वर्षात दहातल्या एका बापाला नैराश्य येतं, आणि आईला असेल तर त्यालाही असायची शक्यता वाढते. बापमाणूस, तुमचं दुःख खरं आहे. कडीही खरीच आहे.

बापमाणूस :
कडी माझी नव्हती! कडी निशाचर यांच्या नवऱ्याची. मी त्याच खोलीत होतो, पाठ करून.

निशाचर :
वा. पदक कुठे पाठवू?

जुनं खोड :
मी यात पडणार नव्हते, पण हे चाललंय काय? आमच्या ह्यांना रात्री उठवायची माझी छाती झाली नसती. पण म्हणून बाळंतिणीला जागवायचं असंही नव्हतं. दूध पाजून झालं की सासूबाई बाळ घेऊन जायच्या. पुन्हा भूक लागली की आणून द्यायच्या. त्यांचा आमचा बाकी कशात मेळ नव्हता, पण रात्रीचं बाळ त्यांच्याकडे. घरात बाप असून एवढंही होत नसेल तर कठीण आहे.

फटकळ :
थांबा थांबा. काकू, म्हणजे तुम्ही झोपत होता?

जुनं खोड :
मग? झोपू नको?

टाकेवाली :
तिन्ही बाळंतपणांत?

जुनं खोड :
तिसऱ्या वेळी सासूबाई नव्हत्या. तेव्हा जरा जड गेलं.

फटकळ :
'जरा जड' म्हणजे?

जुनं खोड :
जड म्हणजे जड. पोरगा वर्षाचा होईपर्यंतचं मला फारसं आठवत नाही. त्याचे पहिले दात कधी आले तेही दुसऱ्यांनी सांगितलेलं. यावरून तुम्ही काय ते सिद्ध करायला धावू नका.

फटकळ :
मी बोटसुद्धा उचललेलं नाही.

सरळसोट :
काकूंना घेरून झालं असेल तर मी बोलू? मला या मोजमापाचंच वावडं आहे. माझ्या बहिणीला दवाखान्यात एक कागद दिला, दहा प्रश्न, खुणा करा. बेरीज जास्त आली आणि एका दुपारीत ती 'पेशंट' झाली. नवीन आईला रडू येणार नाही तर काय येणार? उद्या जांभईलाही गोळी काढतील.

वॉर्डातली :
तो कागद मी रोज देते. १९८७ मधली एडिनबरो प्रश्नावली. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच विचारते, गुण तीसपैकी. त्यावरून आजार ठरत नाही, पुढे नीट बोलायला हवं की नाही तेवढं कळतं. तुमच्या बहिणीशी पुढे कुणी नीट बोललंच नसेल तर त्यांच्यावर चिडा, मीही चिडेन.

रडू येण्याबद्दल तुमचं खरंय. वार (प्लॅसेंटा) पडली की इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स धाडकन खाली येतात, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेक बाया कारण नसताना रडतात. ते दोन आठवड्यांत ओसरतं. ओसरलं नाही, उलट वाढलं, बाळाकडे बघून काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असूनही हिचा डोळा लागत नाही, तर ते वेगळं. जगभरात साधारण १३ टक्के बाळंतिणींना असा मानसिक त्रास होतो, बहुतेक करून नैराश्य. त्यावर बोलण्याचे उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालणारी औषधंही आहेत. सर्ट्रालीन दुधात फार थोडं उतरतं म्हणून डॉक्टर बहुधा तेच आधी देतात. आपल्या मनाने सुरू किंवा बंद मात्र करायचं नाही.

आणि मोबाइलवर वाचून डिप्रेशन होतं म्हणणाऱ्यांसाठी: लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच डॉक्टरांनी बाळंतिणींच्या मानसिक आजारांवर अख्खा ग्रंथ लिहिला तो १८५८ मध्ये. तेव्हा रेंज नव्हती.

टाकेवाली :
इतका वेळ हसत होते, आता खरं लिहिते. दुसरीच्या वेळी मी गॅलरीत जायचं बंद केलं होतं. बाळ हातात असलं की मनात यायचं, आपण हिला खाली टाकू. टाकायचं नव्हतं हो! विचार यायचा आणि हातपाय गार पडायचे. सुऱ्या मी उचलून वरच्या फळीवर ठेवल्या, कुणाला वाटलं मोठीच्या हाताला लागू नयेत म्हणून. कुणापाशी बोलले असते तर बाळ काढून घेतील अशी भीती. बाहेरून मी अगदी टापटीप होते, सगळे म्हणायचे किती छान सावरलीय.

वॉर्डातली :
टाकेवाली, असे नको असलेले विचार पुष्कळ आयांना येतात. विचार येऊन जी स्वतःच दचकते, ती ते करायला निघालेली नसते. सांगितलं की त्यावर मदत मिळते, म्हणून सांगायचं. धावपळ करायची ती दुसऱ्या गोष्टीसाठी. बाई असंबद्ध बोलतेय, आवाज ऐकू येतात म्हणतेय, झोपेची गरजच नाही म्हणत रात्रभर फिरतेय, भलत्याच गोष्टीवर ठाम विश्वास बसलाय. हे हजारात एक-दोघींना होतं, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि ती इमर्जन्सी आहे. तिला बाळासोबत एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. स्वतःला संपवण्याची भाषा करत असेल तरी तेच.

सरळसोट :
बहिणीला परत कुणी बोलावलं नाही हे खरं आहे. कागद घेतला आणि संपलं. म्हणजे कागदाला माझा विरोध आहेच, पण कागदानंतर काहीच नसण्याला जास्त आहे. खूश?

वॉर्डातली :
खूश नाही. तिला घेऊन जा.

जुनं खोड :
सुऱ्या वर ठेवण्याचं वाचलं. मी दीड महिना म्हणाले होते ते अंगाबद्दल. मनाचं म्हणाले नव्हते.

फटकळ :
म्हणाला होता, काकू. तुमचंच वाक्य वर आहे, लाडांचं.

जुनं खोड :
बरं, ते वाक्य काढते. बाकीची ठेवते. आणि मला काकू म्हणू नका, वयाने तुम्हीही काही कोवळ्या नाही.

बापमाणूस :
ढेकर आणि तांब्या लिहून घेतलं. दुसरं येतंय आमच्याकडे, म्हणून विचारतो. एक पाजणं मी बाटलीने केलं, तिने आधी काढून ठेवलेलं दूध, तर तिला सलग पाच तास मिळतील ना?

किस पाडणारा :
पहिल्याच महिन्यात बाटली? मग मूल अंगावर घेणार कसं?

निशाचर :
आले! एक बाप स्वतःहून उठायला निघाला तर लगेच बाटली आडवी.

किस पाडणारा :
मी फक्त विचारलं. दूध बसेपर्यंत थोडं थांबा म्हणतात, एवढंच.

निशाचर :
थांबते कोण ते पण सांगा. रात्री दोन वाजता थांबायला तुम्ही येणार?

फटकळ :
बाटलीचा वेगळा धागा काढा. इथे काढलात तर मी पंप, वाटी-चमचा आणि स्तनाग्रांच्या भेगा, सगळं फोटोसकट लिहीन.