वातोच्या ‘मेझतँ’सारखे तुणतुणेवाल्याचे चित्र कसे साधावे?

प्रश्न (साकोली तालुका, जि. भंडारा)
आमच्या गावच्या खडीगंमत या लोकनाट्यात आयुष्यभर तुणतुणे वाजवलेल्या मोठ्या बाबांचे तैलचित्र मी त्यांना बांधावरच्या मोहाखाली बसवून काढत आहे. समोर नमुना आहे तो आँत्वान वातो या फ्रेंच चित्रकाराच्या ‘मेझतँ’चा (सुमारे १७१८–२०), त्यात बागेतील बाकावर बसलेला, पट्ट्यांचा पोशाख घातलेला गिटारवादक मान कलती करून वर पाहत गात आहे. माझ्या चित्रात चेहरा हुबेहूब उतरला, तरी गाणे जाणवत नाही. कशात उणे राहिले असावे?

उत्तर (चित्रकला शिक्षक, ब्रह्मपुरी)
आपण आधी हात पाहावेत. मूळ चित्र जेमतेम ५५ बाय ४३ सेंटिमीटरचे आहे. तरी त्यातले हात मोठे, हाडेरी आणि ताणलेले आहेत, आणि गाण्याची सारी ओढ त्या बोटांत उतरली आहे. मानेचा कल वातोने लाल व काळ्या खडूने स्वतंत्रपणे अभ्यासला होता. तो अभ्यास आणि हे चित्र, दोन्ही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. आपणही हातांची निदान दहा रेखाटने करावीत.

उत्तर (आमगाव, जि. गोंदिया)
सरांचे म्हणणे पटते, पण माझ्या मते त्या चित्राचा जीव मागच्या झाडीत आहे. तिथे एका स्त्रीचा संगमरवरी पुतळा आहे आणि तो पाठमोरा आहे. मेझतँ हे इटालियन लोकनाट्यातील, पुष्कळदा प्रेमात हरणारे नोकराचे पात्र. तो जिच्यासाठी गातो ती ऐकतच नाही, हे त्या दगडी पाठीने सांगितले आहे. आता आपल्या मोठ्या बाबांचा विचार करावा. खडीगंमत उभ्याने होते, तुणतुणेवाला शाहिराच्या मागे राहून झील धरतो, म्हणजे सुरात सूर मिळवून साथ देतो, त्यामुळे जन्मभर त्यांच्या डोळ्यांपुढे शाहिराची पाठच होती. त्यांना आपण बसवले कशासाठी?

प्रश्नकर्त्याचे उत्तर
काल सायंकाळी त्यांना उभे केले. तुणतुणे काखेत दाबताच डावा खांदा आपोआप वर चढला, मान उजवीकडे झुकली आणि काडी तारेवर पडण्याआधीच ओठ झिलीसाठी उघडले. बसलेले चित्र मी खरवडून काढले असून त्याच कॅनव्हासवर कोळशाने प्रथम तो खांदा आखला आहे. समोर शाहिराची पाठ, फक्त फेट्याचा शेव दिसेल इतकी, घेणार आहे.