घरून धंदा करणाऱ्यांनो, तुमचा दिवस नक्की संपतो कधी?

खिळेजोड (दहिसर), रात्री ११:४७

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलो कारण एका लग्नपत्रिकेतलं "आमचे येथे श्री कृपेकरून" आत्ताच चौथ्यांदा दोन मिलिमीटर डावीकडे सरकवलंय आणि मुलीच्या काकांना ते आता उजवीकडे हवंय.

काम डीटीपीचं, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर पानं जुळवायचं, २००१ पासून स्वतःचं. आधी कांदेवाडीत एका पत्रिकांच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर भाड्याचं टेबल होतं, लॉकडाऊनमध्ये ते सुटलं ते सुटलंच, आता घरी हॉलच्या कोपऱ्यात. पत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, मंडळांच्या स्मरणिका, दिवाळी अंकांची पानं, मधूनच एखादा कवितासंग्रह (कवी लोक स्वतःच्या खिशातून छापतात आणि रोख देतात, त्यांच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही).

माझे बाबा जुळारी होते. म्हणजे छापखान्यात खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवणारे, नव्या पोरांना हे सांगावं लागतं. मे महिन्याच्या सुट्टीत डबा द्यायला मी जायचो. समोर आणि दोन्ही बाजूंना लाकडी केसी, त्यात शेकडो खण, आणि बाबा मधे उभे, डाव्या हातात स्टिक (ओळ जुळवायची पट्टी), उजवा हात न बघता बरोब्बर खणात जायचा. इंग्रजी जुळवणाऱ्याचं त्या मानानं थोड्या खिळ्यांत भागायचं, आपल्याला जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वरच्या मात्रा, खालचे उकार सगळ्यांचे वेगळे खिळे. आणि सगळं उलटं, आरशातल्यासारखं. मला शाळेत सुलट वाचायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात बाबा उलटं वाचून त्यातली चूक काढायचे.

संध्याकाळी साडेसहाला चाळीत यायचे. नळावर आधी बोटांना रॉकेल, मग लाल साबण, मग तळहात नाकाशी धरून वास घ्यायचे, आणि म्हणायचे "झालं". त्यानंतर बाबा आमचे.

माझं "झालं" कधी होतच नाही. व्हॉट्सअपवर "सर एक छोटासा चेंज" येतो तो जेवताना येतो, झोपताना येतो, गेल्या वर्षी सासऱ्यांच्या दहाव्याला बाणगंगेवर उभा होतो तेव्हा पण आलेला.

त्यात पैशाचं रडगाणं. एका प्रकाशकानं (नाव नको) ट्रेकिंगवरचं २०८ पानांचं पुस्तक दिलं, मजकूर श्रीलिपी या जुन्या फाँटातला. युनिकोडमध्ये आणला तर सगळ्या दऱ्यांचा दर्या झाला. "सह्याद्रीच्या दर्याखोर्यांतून" असं पहिल्याच पानावर, म्हणजे वाचणाऱ्यानं दोर घ्यावा की होडी? आता तुम्ही म्हणाल फाइंड-रिप्लेस मार. ते मारलं की सूर्याचा सूऱ्य होतो आणि कार्याचं काऱ्य. म्हणजे र्य असेल तिथे थांबून डोळ्यांनी बघायचं, २०८ पानं. चार रात्री गेल्या. पुस्तक छापून आलं, प्रकाशन झालं, पेढे पण आले, पैसे सात महिने झाले अजून येतायत.

आणि एक छंद होता तो पण बसला. रविवारी सकाळी पहिल्या गाडीनं चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी असं चालायचं आणि हातानं रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढायचे. लाँड्री, पिठाची गिरणी, "येथे खाटल्यावर बसू नये" वगैरे. त्यातला ल आणि श बघायला जातो मी खरंतर. २००९ साली सरकारनं जीआर काढून वर्णमालेसोबत मराठी ल आणि श चं वळण पण ठरवून दिलं, तरी अर्ध्या लोकांच्या फोनवर हिंदी वळणाचाच ल दिसतो. रंगाऱ्यांच्या पाट्यांवर मात्र आपला दोन पोटांचा ल शाबूत आहे. हे वेड बाबांचंच. लहानपणी एका रविवारी मला कोलभाट गल्लीत नेऊन सांगितलेलं की इथे निर्णयसागर छापखाना होता, १८६९ चा, आणि तो काढणारे जावजी दादाजी लहानपणी मिशनच्या छापखान्यात टाइप घासायच्या कामाला होते. मला त्या वयात कुल्फी हवी होती. आता दोन वर्षं तिकडे फिरकलो नाही.

तर प्रश्न दोन. तुम्ही लोक दिवस बंद कसा करता? आणि अडकलेले पैसे कसे काढता?

---

वायरमन भांडुप, सकाळी ६:१२

फोन बंद केला की दिवस संपतो. आणि धंदा पण.

---

शिलाईवाली लालबाग, सकाळी १०:३०

दादा, माझं पण घरातच आहे, ब्लाऊज, पिको-फॉल, मुलींचे परकर-पोलके. ३० वर्षं झाली.

आमच्याकडे दिवस गिरणीचा भोंगा ठरवायचा. सातचा, तीनचा, अकराचा. वडील साच्यावर (मागावर) होते, त्यांची पाळी बदलली की घरातली जेवणाची वेळ बदलायची, आम्हा पोरींची अभ्यासाची जागा बदलायची कारण रातपाळीवाला माणूस दिवसा झोपणार कुठे, दहा बाय बाराची खोली. मग १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि भोंगे थांबले. मी चौथीत होते. मला आठवतं ते संपाबिंपाचं भाषण नाही, मला आठवतं की पहिले काही दिवस आजी दुपारी तीनला दारात येऊन उभी राहायची आणि विचारायची भोंगा झाला का गं.

त्या वर्षी आईनं शेजारणीकडून जुनं पायमशीन घेतलं, हप्त्यानं. तेच मी अजून वापरते, मोटर बसवून. तेव्हा आईचा दिवस पण संपायचा नाही, आम्ही मशीनच्या आवाजात झोपायचो आणि तो थांबला की जाग यायची.

म्हणून मी एक नियम केलाय. रात्री आठ वाजले की मशीनची सुई काढते आणि डबीत ठेवते. सुई परत लावायची म्हणजे चष्मा शोधा, स्क्रू सैल करा, चपटी बाजू बरोबर बसली का बघा, दोरा ओवा, एवढा कंटाळा आला की माणूस आपोआप नको म्हणतो. आणि नवरात्र बसलं की दिवाळीची ऑर्डर बंद, मग समोर कोणी पण असो. पहिल्या वर्षी चार बायका रागावल्या, दुसऱ्या वर्षी त्याच गणपती उठायच्या आत कापड घेऊन हजर. मंगळवारी संध्याकाळी भजनी मंडळ, मी टाळ धरते, सूर काही लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर ब्लाऊज घालून बघायला देते, घरी न्यायला नाही. तुम्ही पूर्ण फाइल आधी देऊन टाकता हेच चुकतं. वॉटरमार्क का काय ते असतं ना, माझा मुलगा सांगत होता.

---

हिशेबनीस, दुपारी १:०५

ताईंचा सुईचा उपाय मी घरी सांगणार आहे, जून-जुलैत माझ्या हातातून कॅल्क्युलेटर काढून घ्या म्हणून.

खिळेजोड, तुमची उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? नसेल तर आज करा, सरकारी पोर्टलवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, हजार-दोन हजार मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. मग बिलावर तो उद्यम नंबर छापा, तुम्हाला छापायला कोण शिकवणार.

फायदा असा की २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे किती दिवसांत द्यायचे ते लिहिलंय. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५. त्यापुढे गेलं तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, ते पण दर महिन्याला चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. आणि खरी मेख इन्कम टॅक्समध्ये आहे, २०२३-२४ पासून असं झालंय की तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या प्रकाशकाला त्या वर्षी दाखवता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. म्हणजे मार्च जवळ आला की त्याचा सीए स्वतःच त्याच्या मागे लागतो. तुम्ही भांडायचंच नाही, नुसतं सभ्य भाषेत बिल पाठवायचं. (नोंदणी आधी, काम नंतर असा क्रम ठेवा पुढच्या वेळेपासून. जुन्या कामावर हे चालवायला गेलात तर वाद होतो.)

बाकी अर्धे पैसे अॅडव्हान्स घेतल्याशिवाय फाइल उघडू पण नका. हे मी सांगतोय, माझे स्वतःचे दोन क्लायंट तीन वर्षांची फी बुडवून बसलेत ते वेगळं.

---

जुळाऱ्याचा धाकटा, संध्याकाळी ७:५०

राग मानू नका पण मला हा धागा वाचून थोडा त्रास झाला. माझे वडील पण जुळारी, ठाकूरद्वारच्या बाजूलाच होते, कदाचित ओळख पण असेल.

रॉकेल आणि साबणाचा वास मला पण आठवतो. पण बाकीचं पण आठवतं. दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, पिवळ्या बल्बखाली बारीक टाइप बघून पंचेचाळिशीत चष्म्याचा नंबर कुठच्या कुठे. शिशाचा त्रास नको म्हणून मालक गूळ द्यायचा, एवढीच काय ती आरोग्य योजना. जुळवणीपेक्षा जास्त वैताग सोडणीचा असायचा, छपाई झाली की तेच सगळे खिळे एकेक करून परत आपापल्या खणात टाकायचे, चुकीच्या खणात पडला की उद्या शिव्या. आणि नव्वदच्या आसपास ऑफसेट आणि तुमचं हे डीटीपी आलं तेव्हा मालकानं सगळा टाइप किलोवर भंगारात दिला. वडील पुढे एका बिल्डिंगमध्ये लिफ्टमन झाले. उभं राहायची सवय होतीच म्हणायचे.

आणि एक विचारू? तुमचे बाबा खरंच रात्री काम आणायचे नाहीत? दिवाळी अंकांच्या दिवसांत आमच्याकडे तर प्रुफांची (तपासायच्या कच्च्या छापांची) गुंडाळी यायचीच. वरचे दोन पैसे मिळायचे. कॉपी वाचायला मला बसवायचे.

---

खिळेजोड (दहिसर), रविवार, दुपारी ३:२०

तीन दिवस उत्तर दिलं नाही कारण धाकटेसाहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नावर अडकलो होतो.

आणायचे. मी साफ विसरलो होतो. जेवणं झाली की चटईवर प्रूफ पसरायचं, त्यावर वाटीचं वजन, आणि मी मूळ हस्तलिखित धरून मोठ्यानं वाचायचं, विरामचिन्हांसकट. "ती म्हणाली स्वल्पविराम दुहेरी अवतरण तुम्ही आलात प्रश्नचिन्ह". बाबा मान न वर करता समासात खुणा करत जायचे. मला गोष्ट कळायची नाही पण ती बाई कुणाला तरी फसवतेय एवढं कळायचं. नऊ-साडेनऊला माझे डोळे मिटायचे, मग आई कॉपी घ्यायची, तिला वाचता यायचं पण अडखळत, आणि सकाळी उठलो की गुंडाळी दोरा बांधून दाराशी तयार असायची. किती वाजता झोपले असतील हा विचार मला पन्नाशीत तुम्ही विचारल्यावर आला.

बाकी सोडणीचं लिहिलंत ते शंभर टक्के. मला पण एकदा बसवलं होतं, ब आणि व एका खणात टाकले होते मी.

ताई, तुमची आयडिया लगेच केली. माउसचा सेल काढून रात्री साडेआठला डबीत. दोन दिवस मस्त चाललं, तिसऱ्या दिवशी बायकोनं तो सेल भिंतीवरच्या घड्याळात घातला. पण तोपर्यंत काकांनी पण उजवीकडचा हट्ट सोडला होता.

हिशेबनीस, उद्यम झालं, अर्ध्या तासाच्या आत. प्रकाशकाला व्याजबिज काही लावलं नाही, तेच जुनं बिल नंबर घालून परत पाठवलं, खाली फक्त "मार्चपूर्वी कळवावे" लिहिलं. दुसऱ्या दिवशी फोन, "अहो आपले घरचे संबंध, हे असं कागदी काय". संबंध आहेत म्हणूनच सात महिने थांबलो म्हटलं. अर्धे आले काल. उरलेले अर्धे बघू.

आज सकाळी गेलो होतो गिरगावात. फणसवाडीतली लाँड्रीची पाटी गेली, फ्लेक्स लागलाय, आणि त्यावरचा फाँट बघितला तर मुक्ता, म्हणजे आपल्या मुंबईतच केलेला. पाटी गेल्याचं वाईट वाटलं पण अक्षर ओळखीचं निघालं म्हणून फोटो काढला. लाँड्रीवाल्यानं विचारलं महापालिकेचे का तुम्ही.

मेसेज आलाय वरती दिसतोय, "सर चि. आधी की चि. सौ. कां. आधी, दोन्हीकडचे विचारतायत". उद्या बघतो.