मदत हवी आहे: डेलोरियनच्या स्टीलवरचा लाल रंग काढू की नवा मारू?

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत राहतो, गेल्या महिन्यात १९८१ ची डेलोरियन घेतली. कंपनीतून ही गाडी बिनरंगाच्या ३०४ ग्रेड स्टेनलेस स्टीलमध्ये यायची. माझीला आधीच्या मालकाने लाल रंग फासलाय. डाव्या दाराच्या कडेला नख लावलं की रुपयाएवढा पापुद्रा निघतो आणि खाली स्टीलवरच्या कंपनीच्याच बारीक रेघा जशाच्या तशा. म्हणजे पठ्ठ्याने पॉलिशपेपरही मारला नाही, थेट स्प्रे! गुळगुळीत स्टीलवर रंग टिकायचा कसा?

दारं आणि बॉनेट साफ करणार, ते ठरलंय. अडलंय पुढच्या डाव्या फेंडरवर (चाकावरचा पत्रा). टकटक केलं की आवाज बद्द येतो, लांबी (पोचा बुजवायची पुट्टी) भरलेली असणार. खात्री करायला लोहचुंबक लावलं, लांबीवर ते चिकटत नाही म्हणून. ३०४ ला चुंबक चिकटतच नाही हे डोक्यात यायला पाच मिनिटं गेली (हसू नका).

लांबी काढली तर खालचा पोचा ठोकून निघेल का? की तेवढाच फेंडर प्रायमर मारून चंदेरी रंगवू? बाबा पुण्याहून फोनवर म्हणतात, "तारेच्या घासणीने घास सगळं."

प्रतिसाद:
बाबांना नमस्कार सांगा, पण साध्या लोखंडी तारेची घासणी नको. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात आणि गंजाचे ठिपके उठतात. स्कॉच-ब्राइट घ्या, रेघांच्याच दिशेने सरळ ओढा, गोल फिरवू नका. रंग काढायचा रिमूव्हर लावण्याआधी फेंडर उतरवा. आतली बॉडी फायबरची, बंपर प्लास्टिकचे, दोन्ही खराब होतील.
हे स्टील ठोकावं तसं कडक होत जातं. इतर गाड्यांत उरलेली खोट लांबी-रंगाखाली झाकता येते, इथे झाकायला काहीच नाही. पोचा खोल असेल तर जुना फेंडर शोधा. चंदेरी रंग जुळणार नाही. कंपनीने बंपर स्टीलसारखे रंगवले होते, तरी शेजारच्या स्टीलपुढे वेगळे दिसतात.

धागाकर्ता:
आभार. आज तळहाताएवढी लांबी खरवडली. पोचा उथळ आहे, पण वर ग्राइंडरचे गोल ओरखडे! फोटो उद्या टाकतो. अशा ओरखड्यांवर पुन्हा सरळ रेघा ओढून घेतल्यात का कुणी? सुरुवात किती नंबरच्या पेपरने केली?