मदत हवी आहे: शाहू महाराजांना उत्तर काय द्यायचं?

मंडळी, भाचीला कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत विषय आलाय, ‘लोकशाहीपेक्षा कल्याणकारी हुकूमशाही बरी’. तिला विरोधात बोलायचंय. सरावाला प्रतिपक्ष मी, आणि पंचाईत अशी की रोज मीच जिंकतोय!

मी सिंगापूरचे ली क्वान यू काढले. १९५९ ते १९९० सलग पंतप्रधान, देश कुठल्या कुठे नेला. ती म्हणाली, तिथं निवडणुका होत होत्या, मग हुकूमशाही कसली? शिवाय विरोधी पक्षाचे चिया थाय पो १९६६पासून २३ वर्षं खटल्याविना स्थानबद्ध होते, हे तिनं शोधून काढलं. तिथं मी गप्प.

पण घोडं अडतंय शाहू महाराजांपाशी. १९०२ साली ५० टक्के जागा राखीव, १९१७ साली सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण. मतपेटीचा पत्ता नाही. आणि स्पर्धा कोल्हापुरात! ‘पुढचा राजा तसाच निघेल कशावरून?’ एवढंच तिच्याकडे आहे. परीक्षक ते ऐकून विटलेले असणार.

याहून धारदार मुद्दा कुणाकडे आहे का? उदाहरणासकट सांगा. शनिवारी स्पर्धा, बोलायला चारच मिनिटं.