घरातल्या मुंग्या: उपाय, नेमकं प्रमाण आणि फसतं कुठे

पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की मुंग्या कोरडी जागा शोधत भिंतीत चढतात. कृष्णाकाठच्या गल्ल्यांत हे दरवर्षीचंच. "खडू ओढा, स्प्रे मारा" एवढंच नको. मुंगी कोणती, औषध किती, किती दिवस आणि कशामुळे फसतं, ते आपल्या गावाच्या नावासह लिहा.

विश्रामबाग, सांगली
गोडाला लागणाऱ्या काळ्या मुंग्यांना बोरिक पावडरच. २०० मिली कोमट पाण्यात ४० ते ५० ग्रॅम साखर आणि २ ग्रॅम बोरिक पावडर, म्हणजे चहाचा जेमतेम अर्धा चमचा, सपाट. पूर्ण विरघळेपर्यंत ढवळा. कापसाचा बोळा त्यात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या कडेला सरकवा.

बहुतेकांचं फसतं ते प्रमाणात. जास्त घातली म्हणजे लवकर मरतील, असं वाटतं. पण मग मुंगी झाकणापाशीच मरते. तिने जिवंत परत जाऊन पोटातलं पाणी राणीला आणि अळ्यांना भरवलं, तरच बीळ संपतं. पहिल्या दिवशी झाकणाभोवती काळा गराडा पडतो, डोकी बोळ्यात आणि पोटं फुगलेली. बघवत नाही, पण पुसू नका. दोन-तीन दिवसांत रांग विरळ होते. बीळ मोठं असेल तर दोन-तीन आठवडे लागतात. बोळा रोज ओला करा, आणि तेवढे दिवस ओट्यावर दुसरं गोड उघडं ठेवू नका.

पावडर औषधाच्या दुकानातूनच घ्या. कॅरमची प्रत्येक पावडर बोरिक नसते. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर झाकण घट्ट डब्यात ठेवून डब्याला खिळ्याने बारीक भोकं पाडा. हे पोटात गेलं तर विषच आहे.

कराड
वरच्यात एक भर. कधीकधी मुंग्या साखरपाण्याकडे फिरकतही नाहीत, कारण तेव्हा त्यांना तेलकट किंवा प्रथिनांचं खाणं हवं असतं. आधी कागदावर गुळाचा खडा आणि चिमूटभर शेंगदाण्याचं कूट शेजारी शेजारी ठेवा आणि तासाभराने बघा. कुटावर गर्दी असेल तर २० ग्रॅम बारीक कूट, १ ग्रॅम बोरिक आणि गोळी वळेल इतकंच तेल. कूट खवट नको. खवटाला तोंड लावत नाहीत.

शाहूपुरी, सातारा
अगदी बारीक, पिवळसर मुंगी असेल तर स्प्रे हातातही घेऊ नका. या मुंग्यांच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. फवारा बसला की वसाहत फुटते आणि एकीच्या जागी तीन-चार रांगा दिसू लागतात. इथे फक्त आमिष, आणि धीर.

जुन्या दगडी घरांत सांधे आत्ताच बुजवू नका. आमिषाने रांग थांबू द्या, मग साबणाच्या पाण्याने वाट पुसा म्हणजे मुंग्यांच्या मागाचा वास जातो, आणि शेवटी पांढऱ्या सिमेंटने सांधा भरा. आधी भरला तर मुंग्या दुसऱ्या खोलीत निघतात.

तासगाव
रांग खिडकीतून येत असेल तर कुंड्या तपासा. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको: जिथे पिठ्या ढेकूण (झाडाचा रस शोषणारी, पांढऱ्या कापसासारखी दिसणारी कीड) तिथे मुंगी. त्याचा चिकट गोड स्राव ती खाते आणि बदल्यात त्याची राखण करते. जास्वंदीच्या शेंड्यात, पानाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला की १ लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, पानाच्या खालूनही. आठवड्याने परत. हे राहिलं तर घरातली सगळी मेहनत फुकट.

मिरज
स्विचबोर्डात शिरल्या असतील तर फवारा नको, पावडर नको. मेन बंद करून वायरमनकडून बोर्ड उघडून घ्या आणि कोरड्या ब्रशने झाडा. बटणाच्या आतल्या धातूच्या पत्त्यांमध्ये मेलेल्या मुंग्या अडकून बटण लागत नाही, तिथे खास बघा. वायरीच्या पाइपाचं तोंड प्लास्टरने बंद करा. बेलचं बाहेरचं बटण सगळे विसरतात.

विश्रामबाग, सांगली
हळदीची रेघ ओढली की मुंग्या थांबतात का, असं विचारणाऱ्यांसाठी: मुंग्या वळसा घालून जातात, बीळ तसंच राहतं. गुळाच्या डब्याखाली पाण्याची परात मात्र कामाची. पाण्यावर धूळ साचली की हलक्या मुंग्या तिच्यावरून चालत जातात, म्हणून साबणाचा एक थेंब टाका. परात भिंतीला टेकू देऊ नका. दर तीन दिवसांनी पाणी ओतून परात घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूच्या डासांची सोय होईल.